मंडईचे पाहुणे आणि लाखोरीचे वडे

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपेक्षा मंडई मोठी. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही, पण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी या भागात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळीत हलकं धान नुकतंच कापून झालेलं असायचं आणि भारी धान बांधीत उभं असायचं. बाया विळे घेऊन बांधीत, गडी भारे वाहण्यात, दुकानदाराची उधारी वहीत तशीच. लक्ष्मीपूजनाला नव्या तांदळाची खीर व्हायची, पाडव्याला गायगोधन व्हायचं, लेकरांच्या हातावर एखादी करंजी पडायची, बस्स. घर भरायचं ते त्यानंतर. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, लागायच्या. गोवारी बांधवांच्या ढाली निघायच्या. आज या गावची मंडई, परवा त्या गावची, आणि जिथं मंडई तिथं रात्री नाटक. तोवर पुंजणे रचून झालेले असायचे, थंडी पडलेली असायची आणि हात मोकळे झालेले असायचे. आमचे सण पंचांग बघून यायचे खरे, पण साजरे व्हायचे ते धान बघून.

मंडई म्हणजे लेकी-जावयांचं येणं. सासरच्यांनी लेकीला दिवाळीत धाडलं नाही तर एकवेळ चालून जाई, मंडईला धाडलं नाही तर सोयऱ्यांत बोलाचाली व्हायची. पाहुणे खासरानं यायचे, सायकलीवर डबल-ट्रिबल यायचे, आणि गोंदियाहून चांदा फोर्टला जाणाऱ्या छोट्या लाईनीनं यायचे. ती लाईन पुढं नव्वदच्या दशकात मोठी झाली. मोठी माय, आत्याबाई, भाटवे, मामाजी, मामीजी, त्यांची लेकरं, लेकरांसोबत त्यांच्या शेजारची लेकरं. कोणी पोरगी पाहायला म्हणून आलेलं, कारण आमच्याकडच्या निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळायच्या. सपरीत तणस पसरायची, तणशीवर पोती, पोत्यांवर सतरंजी, आणि त्यावर जेवढे मावतील तेवढे. आजी प्रत्येक येणाऱ्याला एकच वाक्य बोलायची, "हातपाय धुवा, वडे होऊन रायले."

वडे म्हणजे लाखोरीचे वडे. दुसऱ्या कशाचे असतात हे आम्हाला गाव सोडल्यावर कळलं.

लाखोरीला वेगळं वावर लागत नाही. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच लाखोरी आणि जवस फोकून द्यायचे. धान निघालं की मागं राहिलेल्या ओलीवर लाखोरी आपली वाढते. ना नांगरणी, ना पाणी. थंडीत तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा, मग वर्षभर डाळ. त्यामुळे मंडईच्या वड्यांना डाळ मागल्या सालची असायची, जात्यावर भरडून मडक्यात भरून ठेवलेली. या लाखोरीनं सरकारचा रागही पाहिला. सगळं जेवण तिच्यावरच काढलं, महिनोन् महिने दुसरं काही पोटात गेलं नाही, तर माणसाचे पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. कारण खोटं नव्हतं, दुष्काळात माणसं तशी पांगळी झालेली होती. पण घरच्या बायांना जुनी रीत ठाऊक होती. डाळ रात्री भिजत घालायची, ते पाणी सकाळी उकिरड्यावर फेकायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा फेकायचं. तिचा बराचसा दोष त्या पाण्यासोबत जातो. शास्त्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण ते पाणी गाईलाही पाजायचं नाही एवढं त्या लेकीसुनांना बजावून सांगत.

मग पाटा-वरवंटा. डाळ जाडसर वाटायची, गंधासारखी नाही. दाताखाली कण आला पाहिजे. लसूण, हिरव्या मिरच्या, जिरं, मीठ आणि मूठभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. वाटणारी एक, तिला सरकवून देणारी एक, आणि "मीठ पाहा व बाई" म्हणून बोटभर पीठ चाटायला बोलावलेली तिसरी. पळसाच्या पानाला पाण्याचा हात लावायचा, त्यावर गोळा ठेवून थापायचा, मधे बोटानं भोक पाडायचं आणि पान कढईवर उपडं करून वडा अलगद सोडायचा. तेल जवसाचं, नाहीतर टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. हे टोळीचं तेल थंडीत थिजून घट्ट व्हायचं, मग बाटली चुलीजवळ शेकत ठेवावी लागायची. पहिला वडा चुलीच्या जाळाला, दुसरा देव्हाऱ्यात, तिसऱ्यापासून लेकरं. पाहुणे किती येणार हे कोणी मोजत नसे. डाळ किती पायल्या भिजवली एवढंच विचारायचं, त्यावरून सगळा अंदाज यायचा.

वड्यांसोबत भात. भात रोजचाच, पण मंडईचा भात वेगळा. एरवी घरात जाडा तांदूळ शिजायचा, गुरमट्यासारखा, पोटाला धरून राहणारा. पाहुण्यांसाठी लुचई, चिन्नोर, काळी कमोद, दुबराज यांची एखादी गाठोडी ढोलीच्या मागं दडवलेली असायची. चिन्नोर शिजला की वास गल्लीत जायचा आणि कोणाच्या घरी जावई आला हे न सांगता कळायचं. पुढं या सगळ्यांत एचएमटी आला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, सालोसाल निवडत नेल्या, आणि त्यातून हा बारीक, चवीचा, भरपूर पिकणारा तांदूळ उभा राहिला. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची फार हौस होती, तेच नाव तांदळाला पडलं. आमच्या पिढीनं मंडईच्या पंगतीत एचएमटीचा भात वाढून वाढून खाल्ला, पण तो आपल्याच तालुक्यातल्या एका माणसानं शोधला हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळलं. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. बारीक तांदूळ श्रीमंताच्या घरचा, ही गोष्ट त्यांच्यामुळं आमच्या गावात बदलली. गरिबाच्या घरच्या पाहुण्याच्या पानावरही पांढराशुभ्र भात पडू लागला. पंगतीत त्यांचं नाव घेतलं जावं असं आम्हाला फार वाटतं.

तांदूळ सडायला ढेकी होती. दोघी जणी मागं उभ्या राहून पाय मारायच्या आणि एक जण पुढं बसून उखळात हात घालून धान उलटवायची. मुसळ वर गेलं की हात आत, खाली यायच्या आत हात बाहेर. या कामावर आजीनं कधी नव्या सुनेला बसवलं नाही. दोन सण काढल्यावरच तिला पुढं बसायचा मान. पाय मारताना बोलणं चालू, हसणं चालू, सासरची गाऱ्हाणी चालू. राईस मिल आली तेव्हा ढेकी कोठ्यात गेली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. पण अनारशाच्या पिठासाठी ती धुऊनपुसून पुन्हा बाहेर निघायची. मिलच्या पिठाचे अनारसे मोठ्या मायला चालत नसत.

अनारसे मोठी मायच घालायची. तांदूळ जुना घ्यायचा आणि तीन दिवस भिजत ठेवायचा. पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी उपसून आबाजींच्या जुन्या धोतराच्या पानावर सावलीत पसरायचा. पार खडखडीत वाळू द्यायचा नाही. मुठीत घेतल्यावर हाताला गार लागला पाहिजे आणि बोटांना चिकटला नाही पाहिजे. तोच क्षण ढेकीचा. ते ओलसर पीठ चाळून त्यात किसलेला गूळ, थोडं तूप, आणि मळून गोळे करून डालड्याच्या डब्यात दाबून ठेवायचे. चार-सहा दिवस डब्याला कोणी हात लावायचा नाही. तो डबा शिंक्यावर असायचा. लेकरांच्या हातापासून लांब, पण मोठी माय नाव मांजराचं घ्यायची. तळायच्या दिवशी पानावर खसखस. खसखस महाग झाली तेव्हा तीळ. जाळ मंद. कढईत सोडल्यावर अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तेल उडवत राहायचं, मग त्याला जाळी पडते. आणि कधी पहिलाच अनारसा हसायचा. कढईभर पसरून त्याचा चुरा व्हायचा. गूळ जास्त झाला की असं होतं. त्यावर थोडं कोरडं पीठ घालून पुन्हा मळायचं हा उपाय सगळ्यांना माहीत होता, तरी त्या वेळी चुलीपाशी कोणी तोंड उघडायचं नाही. अधिक महिना आलेला असला की मग जावयाला वाणाचे ३३ अनारसे, आणि मोठी माय ते चुलीपासून ताटापर्यंत दोनदा मोजून घ्यायची.

वडे-भात दुपारचे, रात्री कोंबडा. गावरान कोंबडा, आणि त्याला पकडायची जबाबदारी लेकरांची, त्यामुळे संध्याकाळी वाडीत एकच धावपळ. कांदा निखाऱ्यात भाजायचा, धने-मिरच्या तव्यावर, लसूण सोलायला भाटव्यांना बसवायचं. जावई असले म्हणून काय झालं! रस्सा पातळ पण झणझणीत, कारण तो भातावर ओतायचा. भाकर तांदळाची. उकळत्या पाण्यात पीठ घेऊन मळलेली, हातावर थापलेली, पांढरी. ज्यांच्या गावाला तलाव होता त्यांच्याकडे झिंगे-वांगे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण मालगुजारांच्या काळचे तलाव राहिले आणि त्या तलावांवर ढिवरांची जाळी राहिली. सकाळी ढिवरीण टोपली घेऊन दारात आली की झिंगे मापानं घ्यायचे, पैसे नसले तर तेवढं धान द्यायचं. माळकरी पाहुण्यांची चूल वाडीत वेगळी, भांडी वेगळी. त्यांच्यासाठी पोपटाच्या दाण्यांची भाजी, नाहीतर लाखोरीच्या शेंड्यांची, आणि वर कढी. मामाजी माळकरी, मामीजी नव्हत्या. मामीजी जेवण दोनदा घ्यायच्या. एकदा मामाजींच्या पंगतीत त्यांच्या मानासाठी, आणि एकदा आमच्या पंगतीत.

मग घोंगड्या, चादरी, पोती घेऊन सगळे नाटकाला. नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. मंडईत दिवसा घेतलेले शिंगाडे, बोरं, उसाची कांडकी, मुरमुरे-फुटाणे आणि गुळाच्या जिलेबीचा पुडा, एवढी शिदोरी जवळ. शिवाय प्रत्येकाच्या खिशात दुपारचे दोन-दोन वडे. थंड झालेला लाखोरीचा वडा गरम वड्यापेक्षा चांगला लागतो, हे आम्ही शपथेवर सांगू. मधल्या रात्री, खलनायकानं नायिकेच्या बापाची जमीन लुबाडली की आयाबाया पदर डोळ्याला लावायच्या आणि लेकरं वडे काढायची. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी एकमेकांना फोन केले. त्यांना रंगमंचावर पाहून हसणारी माणसं आमच्या घरोघरी आहेत, तोंडात शिंगाडा धरून हसलेली.

पहाटे घरी आलं की चहा. दूध नव्हतं म्हणून कोरा, साखर महाग म्हणून गुळाचा, थंडी होती म्हणून अद्रकाचा. गंजभर पाणी चुलीवर रात्रभर ठेवलेलं असायचं. आबाजी नाटकाला येत नसत, ते चूल राखायचे. कपबशा पाहुण्यांना, वाट्या लेकरांना, आणि उरलेल्यांनी गडव्यातून प्यायचं. तो चहा पिता पिता नाटकाचा दुसरा प्रयोग सपरीत व्हायचा, आणि त्यात सगळ्यांत चांगलं काम आत्याबाईंचं.

एवढ्या माणसांना पुरतील अशी भांडी कोणाच्याच घरी नव्हती. ती गल्लीची होती म्हणा ना. आमचा मोठा गंज, शेजारची परात, पलीकडची कढई, त्यांचा सराटा. प्रत्येकावर नाव ठोकलेलं, आणि तरी मंडईनंतर आठवडाभर "आमचं झाकण तुमच्याकडे आलं का" चालायचं. कल्हईवाला दिवाळीच्या आधी येऊन जायचा. त्याचा भाता आणि नवसागराचा धूर बघायला सगळी गल्ली जमायची, आणि पितळेच्या काळ्या पडलेल्या पोटात कापसाचा बोळा फिरला की चांदी उतरायची. सुपाची कड सुटली तर बुरडाकडे, जात्याला टाकी लावायची तर टाकीवाला येईपर्यंत थांबायचं. पत्रावळी घरच्याच. पळसाची पानं बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेली. लेकरांच्या पत्रावळीतून रस्सा गळायचा, कारण त्या लेकरांनीच टाचलेल्या असायच्या.

बाकीचे सणही होते, पण त्यांची गर्दी घरापुरती. पोळ्याला आदल्या दिवशी बैलांना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी पुरणपोळी व्हायची. गहू आमच्याकडे विकतचा, त्यामुळे पहिली पोळी बैलाला, मग घरधन्याला, आणि आम्हाला कोहळ्याचे बोंड. पिवळं कोहळं शिजवून गूळ आणि कणीक घालून तळलेले हे बोंड आम्हाला पोळीहून प्यारे, त्यामुळे तक्रार कोणाची नसायची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरलं की बोजारा मिळायचा, कुठं पैसे, कुठं बोंड. मार्कंड्याच्या जत्रेला, म्हणजे महाशिवरात्रीला, वैनगंगेच्या वाळूत बसून रताळी आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खायचा.

अकतीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चिंचवणी. तिच्याविषयी थोडं सांगितलंच पाहिजे, कारण आता ती कोणी करत नाही आणि करायला अगदी सोपी आहे. मागल्या सालची काळी पडलेली चिंच नव्या मडक्यात भिजवायची. हातानं कोळून चोथा काढायचा, गूळ विरघळवायचा, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ. झालं. वैशाखाच्या उन्हात ते मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीच्या सावलीत ठेवायचं. पितरांना घागर भरून झाली, त्यांच्या पानावर आंबा ठेवून झाला, की मग आम्हाला आंबा आणि चिंचवणी दोन्ही मोकळं. त्याआधी कैरीचं पन्हं चालायचं, पिकला आंबा नाही. चिंचवणीत कुरडया बुडवून खायच्या, वडे बुडवून खायचे, आणि काही उरलं नाही की वाटी तोंडाला लावायची. जावई मुक्कामी असला तर सरगुंडे. कणकेचा बारीक दोरा सरकाडीला गुंडाळून, ओढून काढून, वाळवून ठेवलेले. ते शिजवून वर आमरस. सरगुंडे करायला दुपारभर सगळ्या गल्लीतल्या बाया ओसरीवर बसायच्या, आणि संपायला एक पंगत.

संक्रांतीची मात्र आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वेगळीच मजा. आमच्याकडे तिळाचे आणि मुरमुऱ्याचे लाडू. खाली सिरोंच्याला, जिथं तेलुगू आणि मराठी एकाच चुलीपाशी बोलतात, तिथं सकिनालू. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ आणि ओवा घालून, कापडावर बोटांनी एकात एक गोल कडी फिरवायची, जरा सुकली की तळायची. मुलचेरा-चामोर्शीकडे साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसली, त्यांच्याकडे त्याच दिवशी पिठे. तांदळाचंच पीठ, आत नारळ आणि गूळ. आमचे काका नोकरीनिमित्त या सगळ्या भागांत फिरले आणि दर संक्रांतीला त्यांच्या पिशवीतून कुठला तरी नवा पदार्थ निघायचा. आजी तो हातात घेऊन मोडायची, वास घ्यायची, जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "तांदराचाच हाये." मग ती तो मोकळ्या मनानं खायची. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया घरांत पाहुण्याला आधी जावा देतात, पातळ आंबट पेज. तेव्हा गोदावरीच्या काठापासून भामरागडच्या डोंगरापर्यंत माणसं वेगळी, बोली वेगळी, देव वेगळे, पण पाहुणा आला की हात पहिल्यांदा तांदळाच्या मडक्यात जायचा.

आणि मोह. मोहाविना झाडीतल्या खाण्याची गोष्ट सांगता येत नाही. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडायचा. उन्हं वर यायच्या आधी टोपल्या भरून आणायच्या, सारवलेल्या अंगणात पसरायच्या. चार-पाच उन्हांत फुलं तांबूस-काळी होऊन मनुकांसारखी आकसायची. मग ती ढोलीत. मोह भाजून तीळ नाहीतर जवस घालून उखळात कुटायचा आणि त्याचे लाडू वळायचे. मोहाची पोळी व्हायची, भाकर व्हायची. ज्या साली पाऊस दगा द्यायचा त्या साली कितीतरी घरांनी मोहावर दिवस काढले, म्हणून जुनी माणसं मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावू देत नसत. माडिया गावांत तर पंडुमचा सण झाल्याशिवाय नवं फळ, नवं फूल कोणी तोंडात घालत नाही. आधी देवाचं, मग माणसाचं.

मोहाची दारूही होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आदिवासी घरांत जन्मापासून मरणापर्यंत देवाला तिची धार लागते, आणि तिथं तिचा मान वेगळा. पण हाटाच्या आणि गुत्त्याच्या दारूनं आमच्या गावांतली घरं बसवली, हेही तितकंच खरं. गडचिरोलीत दारूबंदी झाली ती १९९३ मध्ये, आणि तिच्यासाठी गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या होत्या. त्यांत आमच्या घरच्याही होत्या. मंडईत नवरा शुद्धीवर राहावा, जेवायच्या वेळी पंगतीत बसावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. कोंबडा शिजवून रात्री उशिरापर्यंत वाट पाहिलेली बाई त्या मागणीचा अर्थ कोणालाही सांगेल. आमच्या आजीनं मोहाला कधी बोल लावला नाही. ती मोहाचे लाडू वळायची आणि म्हणायची, फुलाचा काही दोष नाही.

पाहुणे निघायचे त्या दिवशी घरात पुन्हा मंडई. प्रत्येकाची पिशवी वेगळी भरायची. आत्याबाईंना लाखोरीची डाळ, कारण त्यांच्याकडे धानाची बांधी नाही. मामीजींना वाळवलेले झिंगे, मामाजींना दिसणार नाहीत असे तळाशी. लेकीला नवे तांदूळ, अनारशाचे उरलेले गोळे, चारोळीची पुडी, मोहाचे लाडू, आणि तिच्या सासूसाठी वेगळे अनारसे, अख्खे, न मोडलेले. ज्या डब्यात त्यांनी काही आणलं तो डबा रिकामा परत जायचा नाही. काहीच नसलं तर मूठभर तांदूळ. "जातो आता" म्हणून उठलेला पाहुणा सपरीत एकदा, फाटकापाशी एकदा आणि गाडीत बसल्यावर एकदा असा तीनदा जेवायला बोलावला जायचा.

आता लेकरं नागपूर, पुणे, हैदराबादला आहेत. मंडई अजून भरते, नाटकं अजून रात्रभर चालतात, वडशात नाटक मंडळ्यांच्या तारखा मिळायला आधीपासून धावाधाव करावी लागते. घरोघरी गॅस आला, मिक्सर आला, पत्रावळी कागदाच्या झाल्या. आमचं म्हणणं एवढंच की मिक्सरमध्ये लाखोरी फार बारीक होते. जरा थांबून थांबून फिरवावी. पळसाचं पान मिळत नसेल तर प्लास्टिकची पिशवी घेतात, त्यापेक्षा केळीचं पान घ्यावं. तेल फल्लीचं चालेल. बाकी रीत तीच ठेवावी.

यंदा मंडईच्या आधी पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला डाळ मिळाली होती, वडे करायचे होते, सोसायटीतले कोणी कोणी जेवायला यायचे होते. आत्याबाईंना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "रातच्याले भिजू घाल, सकारी पानी फेक, अन् आनखी दोनदा धुव. किती मानसं येतेत? दहा? मंग पायलीभर घे ना व बाई! दहा मानसं येतो म्हनतेत तं वीस येतेत."